कथलाला फुटणारे केस



वलगावचे नाव निघाले की पेढी नदीचा पूल आठवतो. 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगेबाबांनी तेथेच देह ठेवला. बाबांच्या गाडग्याला कल्हई लागत नव्हती. तुमच्या-आमच्या घरच्या पितळी गंजाला मात्र लागत असे. कल्हईवाला झाडाखाली भाता मांडी, तापल्या भांड्यात नवसागर टाकी, पांढरा धूर निघे. मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने पुसले की भांडे आतून चांदीसारखे लखलखे. घरची वडील मंडळी त्याला एकच ताकीद देत : "कथील चोख पाहिजे, शिसं नको मिसळू!" ताक कळकू नये म्हणून केलेल्या कल्हईतूनच शिशाचे विष पोटात जाई, हे त्यांना ठाऊक होते.

रसरत्नसमुच्चय या जुन्या संस्कृत ग्रंथातही कथलाचे खुरक आणि मिश्रक असे दोन प्रकार सांगितले असून त्यांपैकी खुरक श्रेष्ठ मानले आहे. मिसळीला मान नाही. स्वयंपाकघरापुरता हा निवाडा बरोबरच. पण विजेच्या यंत्रांत चोख कथलाने निराळाच घोळ घातला. त्याची हकिकत आज सांगायची आहे.

तिची सुरुवात रेडिओपासूनच होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, स्टेशन लावण्यासाठी रेडिओत जी फिरत्या पत्र्यांची जुडी असे, तिच्यावर कॅडमियम धातूचा मुलामा देत. त्या मुलाम्यातून धातूचे बारीक केस उगवले आणि शेजारचे पत्रे एकमेकांना जोडले गेले. 1946 साली हे छापून प्रसिद्ध झाले. पुढे अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेने कॅडमियमऐवजी कथील वापरून पाहिले, तर त्यालाही केस फुटले!

हे केस आपल्या डोक्याच्या केसाहून कितीतरी पटींनी बारीक असतात. पण लांबी कधी मिलिमीटरच्याही पुढे जाते. ते का फुटतात? तांब्यावर कथलाचा मुलामा दिला की तांबे हळूहळू कथलात शिरते. दोहोंचे संयुग बनते, त्याला जास्त जागा लागते आणि वरचे कथील दाबले जाते. सोऱ्यात पीठ दाबले की शेव बाहेर पडते ना? तसेच येथे. केस शेंड्याकडून वाढत नाही, बुडाकडून ढकलला जातो.

1959 च्या सुमारास बेल प्रयोगशाळेतील अर्नोल्ड यांनी उपाय सांगितला : कथलात थोडे शिसे मिसळा. कल्हईतला गुन्हेगार येथे राखणदार झाला! पुढची कितीएक वर्षे कारखाने या मिसळीवर निर्धास्त राहिले. औषध इतके गुणकारी ठरले की पुष्कळांना रोगाचाच विसर पडला. जेथे चोख कथील राहिले, तेथे मात्र तो अधूनमधून डोके वर काढी. 19 मे 1998 रोजी गॅलॅक्सी-4 हा उपग्रह बिघडला आणि अमेरिकेतील लाखो पेजर मुके झाले. चौकशीत बोट दाखविले गेले ते कथलाच्या केसाकडे.

मग शिसे काढले तरी कशाला? कारण मोडके यंत्र शेवटी कचऱ्यात जाते. त्यातले शिसे माती-पाण्यात उतरते, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याची इजा कायमची होते. म्हणून युरोपात 1 जुलै 2006 पासून, काही अपवाद ठेवून, नव्या उपकरणांतील शिशावर बंधन आले. आपल्याकडेही 2011 च्या ई-कचरा नियमांनी वजनाच्या शेकडा 0.1 ही मर्यादा घातली.

राखणदार गेला, तेव्हा जुना रोग पुन्हा अभ्यासावा लागला. आता तांबे आणि कथील यांच्यामध्ये निकेलचा थर देतात. दोन वावरांमधल्या बांधासारखा तो तांब्याला अडवतो. मुलामा चकचकीत न ठेवता मंद ठेवतात. तो दिल्यापासून एका दिवसाच्या आत सुटा भाग 150 अंश सेल्सिअसवर तासभर भाजतात. कथील वितळवून बसविले तरी केसांचा धोका कमी होतो. आपला कल्हईवाला तेच करीत होता. वरून राळेसारखे लेपही चढवितात. यांतला एकही उपाय शंभर टक्के हमीचा नाही. म्हणून दोन-तीन मिळून योजतात.

इतिहासाचा अध्यापक या नात्याने मला यात एक धडा दिसतो. एखादी वस्तू टाकून द्यायची झाली, तर ती गुपचूप कोणते काम करीत होती हे आधी विचारावे. शिसे टाकले हे योग्यच झाले. पण त्याचे काम दुसऱ्या कोणावर तरी सोपवावे लागले.

आणि आपल्या हातातले काम? जुन्या रेडिओ-टीव्हीत ते शिसे अजून आहे. तांब्याच्या चार पैशांसाठी त्यांच्या तारा आणि पट्ट्या गावाबाहेर जाळू नका, मुलांना तेथे फिरकू देऊ नका. असा माल अधिकृत संकलन केंद्रावर द्या. शिक्षकबंधूंनी वर्गात एवढे जरी सांगितले, तरी पुष्कळ झाले.