‘एस’पासून ‘आर’पर्यंत : आकडेमोडीच्या एका भाषेची गोष्ट

समजा, वर्गातल्या पाच मुलांची उंची आपण मोजायला घेतली. चौघांची उंची १४०, १४५, १५० आणि १५५ सेंटिमीटर भरली. पाचवा मुलगा त्या दिवशी गैरहजर होता. त्याच्या नावापुढे काय लिहायचे? कुणी शून्य लिहिले तर सरासरी ११८ सेंटिमीटर येते. मोजलेल्या एकाही मुलाची उंची इतकी कमी नाही! चौघांचीच सरासरी काढली तर ती १४७.५ येते. पाच आकड्यांत ही गफलत चटकन ध्यानात येते. पाच हजार आकड्यांत मात्र ती लपून राहते आणि उत्तर तेवढे बाहेर पडते.

म्हणूनच संगणकाने दिलेल्या उत्तराइतकेच ते उत्तर कसे काढले हेही महत्त्वाचे असते. संख्याशास्त्रासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘आर’ या संगणकभाषेचा इतिहास या प्रश्नाशी जवळून जोडलेला आहे. ही भाषा वापरणाऱ्याने कोणत्या सवयी लावून घ्याव्यात, याची उत्तरेही त्या इतिहासातच सापडतात.

बेल प्रयोगशाळेतली सुरुवात

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील मरे हिल येथे बेल प्रयोगशाळा होती. टेलिफोन कंपनीच्या या संशोधनसंस्थेत संख्याशास्त्रज्ञांचा मोठा गट काम करत असे. त्यांच्याकडे फोरट्रान भाषेतल्या आज्ञावलींचा चांगला संग्रह होता. पण एखादी साधी सरळ रेषा आकड्यांना जुळवून पाहायची म्हटली, तरी माहिती आत घेणारी आणि उत्तर छापणारी नवी आज्ञावली लिहावी लागे.

याच प्रयोगशाळेशी जॉन टुकी यांचा दीर्घकाळ संबंध होता. आकडे हाती आले की आधी त्यांची चित्रे काढा, त्यांच्याकडे नीट पाहा, मग सूत्रे लावा, असा त्यांचा आग्रह असे. आज शाळा-कॉलेजांत शिकवला जाणारा पेटी-आलेख त्यांनीच रूढ केला. पण प्रत्येक छोट्या शंकेसाठी नवी आज्ञावली लिहायची असेल, तर शंका विचारण्याचा उत्साह कितीसा टिकणार?

५ मे १९७६ रोजी जॉन चेंबर्स, रिचर्ड बेकर आणि त्यांचे काही सहकारी यावर विचार करायला एकत्र बसले. त्यातून पुढे आलेली कल्पना अशी होती : आतली आकडेमोड फोरट्राननेच करावी, पण बाहेर एक सोपी भाषा असावी. एक ओळ लिहायची, उत्तर पाहायचे, त्यावरून पुढची ओळ सुचायची. बेलमध्येच जन्मलेल्या ‘सी’ भाषेप्रमाणे हिलाही एकाक्षरी नाव मिळाले, ‘एस’. पुढे ती यूनिक्स प्रणालीवर आली. १९८८ साली बेकर, चेंबर्स आणि ॲलन विल्क्स यांच्या पुस्तकातून तिचे नवे रूप लोकांसमोर आले. या कामाबद्दल चेंबर्स यांना १९९८ साली संगणकशास्त्रज्ञांच्या एसीएम या संघटनेचा सॉफ्टवेअर-पुरस्कार मिळाला.

ऑकलंडमधील वर्ग

‘एस’ची ‘एस-प्लस’ ही व्यापारी आवृत्ती १९८८मध्ये सिएटलच्या एका कंपनीने बाजारात आणली. १९९३ साली बेलने ‘एस’चे विक्रीहक्क त्याच कंपनीला दिले. भाषा उत्तम होती, पण ती विकत घ्यावी लागे.

सुमारे त्याच काळात न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन हे दोन प्राध्यापक संख्याशास्त्र शिकवत होते. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत मॅकिन्टॉश संगणक होते. त्यावर शिकवण्याजोगी चांगली आज्ञावली हवी म्हणून दोघांनी स्वतःच एक लहानशी भाषा बांधायला घेतली. आतील रचनेवर ‘स्कीम’ या भाषेचा प्रभाव होता, तर लिहिण्याची पद्धत ‘एस’सारखी ठेवली. दोघांच्या नावांचे आद्याक्षर आणि ‘एस’ची थोडी गंमत, असे मिळून ‘आर’ हे नाव पडले.

१९९३मध्ये त्यांनी ही भाषा इतरांना पाहायला दिली. झुरिकच्या मार्टिन मेखलर यांनी ती सर्वांसाठी मुक्त करण्याचा आग्रह धरला आणि जून १९९५पासून ‘आर’ची मूळ आज्ञावलीच खुली झाली. कुणीही ती वाचावी, बदलावी, वाटावी. १९९७ साली ती सांभाळणारा आंतरराष्ट्रीय गट तयार झाला. त्याच वर्षी पूरक आज्ञावलींच्या संचांसाठी ‘क्रॅन’ हे भांडार सुरू झाले. २९ फेब्रुवारी २००० या दिवशी ‘आर’ची १.०.० ही आवृत्ती निघाली. (शतकाचे वर्ष ४००ने भाग गेला तरच लीप असते, हे विद्यार्थ्यांना सांगायला ही तारीख चांगली आहे!) आज क्रॅनवर २०,०००हून अधिक संच आहेत. त्यांतला ‘लॅटिस’ हा आलेखांचा संच दीपायन सरकार यांचा. ते भारतीय सांख्यिकी संस्थेच्या दिल्ली केंद्रात प्राध्यापक आहेत आणि ‘आर’ सांभाळणाऱ्या गटातही आहेत. या संचाचे मूळ बेल प्रयोगशाळेतल्या आलेख-पद्धतीत आहे.

इतिहासातून आलेल्या सवयी

आता वापराकडे वळू. पहिली गोष्ट रिकाम्या जागेची. गैरहजर मुलासाठी ‘आर’मध्ये ‘एनए’ ही खूण लिहितात. हीही ‘एस’कडूनच आली. यादीत एक जरी ‘एनए’ असेल, तर सरासरीचे उत्तर ‘एनए’ असेच मिळते. नवख्याला हा हट्टीपणा वाटतो. पण भाषा येथे आपल्याला विचारते आहे, की या मुलाचे काय करायचे ते तुम्ही ठरवा. वगळायचे असेल तर तसे स्पष्ट लिहावे लागते आणि तो निर्णय वाचणाऱ्यालाही दिसतो.

दुसरी गोष्ट बाणाची. एखाद्या राशीला नाव देण्यासाठी ‘आर’मध्ये ‘पेक्षा लहान’ हे चिन्ह आणि वजाचे चिन्ह जोडून डावीकडे वळलेला बाण काढतात. १९६३च्या ‘आस्की’ या अक्षरसंचात डाव्या बाणाला स्वतंत्र जागा होती. १९६७मध्ये तीच जागा अधोरेषेला मिळाली. त्यामुळे जुन्या आज्ञावलींत नाव देण्यासाठी अधोरेषाही वापरलेली आढळते. ‘आर’ने २००३ साली ही सोय काढून टाकली. म्हणून जुनी आज्ञावली आज चालली नाही, तर आधी तिचे वय पाहावे.

तिसरी गोष्ट साठवणीची. ‘एस’ प्रत्येक राशी लगेच फाइलमध्ये ठेवून देई. ‘आर’ ती स्मृतीत ठेवते आणि काम संपवताना ‘हे सारे जपून ठेवू का?’ असे विचारते. ‘नको’ म्हणावे. जपायची ती मूळ आकड्यांची फाइल आणि आज्ञावली. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पाटीवर पहिल्या ओळीपासून आज्ञावली चालवावी. तेच उत्तर आले तर सारे टप्पे त्या फाइलमध्ये आहेत. नाही आले तर काहीतरी आपल्या डोक्यातच राहून गेले आहे.

चौथी गोष्ट बीजाची. २०० मुलांमधून यादृच्छिक पद्धतीने १० मुले निवडायची असतील, तर आधी ‘सेट-सीड’ या आज्ञेने एक बीज द्यावे. बीज तेच असेल तर निवडही तीच येते. मात्र २०१९च्या ३.६.० या आवृत्तीत निवडीची रीत सुधारली, कारण जुन्या रीतीत मोठ्या समूहातून निवडताना सर्वांना अगदी समान संधी मिळत नव्हती. त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्या आवृत्तींत एकाच बीजातून वेगळी मुले निघू शकतात. बीजाबरोबर आवृत्तीचा क्रमांकही लिहून ठेवावा.

आणखी एक गोष्ट आपल्या उपयोगाची. विंडोजवर मुलांची नावे देवनागरीत लिहिली की पूर्वी अनेकदा अक्षरांऐवजी भलत्याच खुणा दिसत. २०२२च्या ४.२.० आवृत्तीपासून ‘आर’ नव्या विंडोजवर यूटीएफ-८ ही अक्षरपद्धती थेट वापरते आणि ही अडचण बरीच दूर झाली आहे.

एवढा खटाटोप कशासाठी?

२०१० साली कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. देशाचे कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपुढे गेले की सरासरी वाढ उणे ०.१ टक्का होते, असा एक आकडा त्यात होता. सरकारी खर्चात कपात करावी असे म्हणणाऱ्यांनी तो अनेक देशांत पुढे केला. थॉमस हर्नडन या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील विद्यार्थ्याला अभ्यासाचा भाग म्हणून तोच आकडा काढून पाहायचा होता. पण तो काही केल्या येईना. लेखकांनी त्याला आपला तक्ता पाठवला. सरासरीच्या सूत्रात वीसपैकी पहिले पाच देश घेतलेच नव्हते! काही वर्षांची आकडेवारी वगळणे आणि देशांना भार देण्याची पद्धत हे मतभेदाचे आणखी मोठे मुद्दे निघाले. २०१३ साली हर्नडन आणि त्याच्या प्राध्यापकांनी मांडलेला आकडा होता २.२ टक्के. सूत्रातली चूक मूळ लेखकांनी मान्य केली, बाकी मुद्द्यांवर वाद राहिला.

तक्त्यातले सूत्र चौकोनामागे दडलेले असते. आज्ञावलीतली ओळ समोर लिहिलेली असते, ती दुसऱ्याला वाचता येते. चुका दोन्हीकडे होतात. आज्ञावलीत त्या शोधणे सोपे जाते.

शाळेत याचा प्रयोग करता येईल. ‘आर’ला पैसे पडत नाहीत, आणि एकदा संगणकावर घेतल्यावर इंटरनेटशिवायही काम चालते. वर्गाची उंची मोजा, गैरहजर मुलांसकट फाइल करा. दोन गटांनी स्वतंत्रपणे सरासरी आणि मध्यक काढावा. मग आज्ञावल्यांची अदलाबदल करून प्रत्येक गटाने दुसऱ्याची आज्ञावली आपल्या संगणकावर चालवावी. उत्तरे जुळली नाहीत, तर फरक कोणत्या ओळीत आहे ते मुलांनाच शोधू द्यावे.