सावेदादांचा कॅमेरा

श्रोतेहो, सिनेमाचा विषय निघाला की दादासाहेब फाळक्यांचे नाव आधी ओठांवर येते, आणि ते रास्तच आहे. १९१३ साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. पण त्याच्या चौदा वर्षे आधी मुंबईतल्या एका मराठी माणसाने कॅमेरा हाती घेतला होता. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे त्यांचे नाव. लोक त्यांना सावेदादा म्हणत.

सावेदादांचा धंदा फोटोग्राफीचा. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हालती चित्रे मुंबईकरांनी प्रथम पाहिली. त्या नवलाईने सावेदादांना वेड लावले आणि त्यांनी विलायतेहून २१ गिनींचा कॅमेरा मागवला. सिनेमाच्या कंपन्या तेव्हा इथे होत्याच कुठे? काय टिपायचे ते ठरवणारे तेच आणि कॅमेऱ्याचा दांडा फिरवणारेही तेच!

१८९९ साली त्यांनी हँगिंग गार्डनमध्ये दोन पैलवानांची कुस्ती टिपली. फिल्म धुवायला मात्र लंडनला धाडावी लागली. १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हाचे स्वागतही त्यांनी टिपले. आपल्याकडच्या वार्तापटाचा हा श्रीगणेशाच म्हणायचा.

१९५८ साली सावेदादा वारले. ती कुस्ती आज कुणालाच पाहता येत नाही, कारण ती फिल्म टिकली नाही. टिपणारा भेटला, जपणारे भेटले नाहीत. गुरुजींनो, शाळेच्या कपाटातले जुने फोटो रद्दीत घालण्यापूर्वी एवढे आठवा.