कोठारात सापडलेला कोश



सरकारी नोकरीत वीस वर्षे फायलींवर शेरे लिहिण्यात घालविल्यावर मी पुन्हा विद्यार्थी झालो. दिल्लीतील एका विद्यापीठाच्या सायंवर्गात मी कोरियन भाषा शिकतो. पहिले वर्ष सुखाचे गेले. लिपी आठवड्याभरात वाचता येऊ लागली. वाक्यरचना तर आपल्या मराठीच्याच वळणाची: कर्ता आधी, क्रियापद शेवटी आणि विभक्तीचे प्रत्यय शब्दाच्या मागून. वडीलधाऱ्यांविषयी बोलताना क्रियापदाला आदराचा प्रत्यय जोडावा लागतो, हेही मराठी माणसाला फारसे परके वाटत नाही. खरी परीक्षा दुसऱ्या वर्षी, मध्यम पायरीच्या वर्गात झाली, आणि ती शुद्धलेखनाने घेतली.

कोरियन भाषेत फुलाला जो शब्द आहे, तो सुटा उच्चारला तर 'क्कोत्' असा ऐकू येतो. कर्त्याचा प्रत्यय लागला की 'क्कोछी' होतो. 'केवळ' या अर्थाचा प्रत्यय लागला की 'क्कोन्मान्' होतो. लिहिताना मात्र तिन्ही ठिकाणी मूळ शब्द एकाच रूपात, शेवटी 'छ' घालून लिहावयाचा. वर्गातील एकाने वैतागून विचारले, "बाई, बोलायचे त, न आणि लिहायचे छ, हा कोठला न्याय?" आमच्या अध्यापिका हसून म्हणाल्या, "याचे निम्मे उत्तर व्याकरणात आहे. उरलेले निम्मे इतिहासात आहे." त्या उरलेल्या अर्ध्या उत्तराची हकीकत आज सांगावयाची आहे.

कोरियाचा राजा सेजोंग याने १४१८ ते १४५० या काळात राज्य केले. त्या काळी लिहिणे म्हणजे चिनी अक्षरांत लिहिणे. ती हजारो अक्षरे सामान्य शेतकऱ्याला आयुष्यभर साधणारी नव्हती. प्रजेला आपले म्हणणे लेखी मांडता येत नाही, ही खंत मनात धरून राजाने अठ्ठावीस अक्षरांची नवी लिपी सिद्ध केली आणि १४४६ साली ती प्रसिद्ध केली. तिची व्यंजने मुखातील अवयवांच्या आकारांवरून घडविली आहेत: जिभेचे मूळ घशाशी टेकते तो आकार 'क' वर्गाला, मिटलेल्या ओठांचा 'म'ला. उच्चार जोरकस झाला की आकारात एक रेघ वाढते. ध्वनींची स्थानपरत्वे वर्गवारी करण्याची ही रीत कोरियात चिनी ध्वनिशास्त्रातून आली, आणि चीनमध्ये तिला वळण मिळाले ते बौद्ध भिक्षूंनी नेलेल्या भारतीय वर्णविचारातून. आपल्या बाराखडीतील कंठ्य-तालव्यांचे हे दूरचे नाते ध्यानात आले, तेव्हा मला वर्गात उगाच आपल्या घरी आल्यासारखे वाटले.

विद्वानांना मात्र ही लिपी रुचली नाही. १४४४ मध्येच दरबारातील चोए माल्ली आणि त्याचे सहकारी यांनी विरोधाचे निवेदन दिले. चिनी विद्या सोडून वेगळी लिपी काढणे हे रानटी लोकांचे लक्षण, असा त्यांचा आशय होता. पुढे १५०४ साली योनसान या राजावर टीका करणारी पत्रके याच लिपीत लागली, तेव्हा त्याने ती शिकण्या-शिकविण्यावरच बंदी घातली. तरीही स्त्रियांच्या पत्रांतून, कथांतून आणि सामान्यांच्या व्यवहारातून ती जगली. सरकारी कागदपत्रांत तिला मान मिळाला तो १८९४ च्या सुधारणांनंतर. १८९६ साली संपूर्णपणे याच लिपीत छापलेले 'तोंगनिप सिन्मुन', म्हणजे 'स्वातंत्र्य-पत्र', निघू लागले. त्याच्या कचेरीत चू सी-ग्योंग नावाचा तरुण काम करीत असे. उच्चार प्रसंगाप्रमाणे बदलला, तरी शब्दाचे मूळ रूप लेखनात स्थिर राहिले पाहिजे, हा विचार त्याने मांडला. आमच्या वर्गाला छळणाऱ्या त्या 'छ'चे व्याकरणातील उत्तर ते हेच.

१९१० साली जपानने कोरिया गिळंकृत केला. चू सी-ग्योंग १९१४ मध्ये, चाळिशीही न गाठता, वारला. त्याच्या शिष्यांनी १९२१ मध्ये भाषेच्या अभ्यासासाठी एक संस्था काढली. १९२९ पासून त्यांनी कोशाचे काम आरंभिले, आणि १९३३ मध्ये शुद्धलेखनाची एकरूप नियमावली प्रसिद्ध केली. शब्द कसा लिहावा हे ठरल्यावाचून कोश कसा व्हावा? गावोगावीचे शब्द गोळा करून, मासिकातून वाचकांना साद घालून त्यांनी चिठ्ठ्या जमविल्या. त्याच दशकात पुण्यास दाते आणि कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' सात खंडांत छापून होत होता. परसत्ता आपल्याही डोक्यावर होती; पण मराठी शब्द जमविणे हा येथे गुन्हा नव्हता.

कोरियात तो गुन्हा ठरला. १९३८ नंतर शाळांतून कोरियन भाषा हळूहळू हद्दपार झाली. १९४० मध्ये लोकांना जपानी धर्तीची नावे घेण्यास भाग पाडण्यात आले, आणि त्याच वर्षी दोन मोठी कोरियन दैनिके बंद झाली. १९४२ मध्ये हामहुंग शहरातील एका शाळकरी मुलीच्या रोजनिशीतील एका वाक्यावरून पोलिसांनी चौकशी सुरू केली. तिचा पूर्वीचा शिक्षक आता कोशाच्या कामावर होता. तेवढा धागा पुरला. ऑक्टोबरपासून कोशकारांची धरपकड झाली, आणि हस्तलिखित पुरावा म्हणून जप्त झाले. कोश रचणे हे राष्ट्रीय चळवळीचे अंग आहे, असा आरोप होता. ई युन-जे १९४३ च्या डिसेंबरात आणि हान जिंग १९४४ च्या फेब्रुवारीत तुरुंगातच मरण पावले. ई गुक-रो यांना सहा वर्षांची, चोए ह्योन-बे यांना चार वर्षांची शिक्षा झाली.

१५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानने हार मान्य केली, आणि थोड्याच दिवसांत कैदी सुटले. पण हस्तलिखित कोठे होते? त्याचा पत्ता नव्हता. तेरा वर्षांच्या श्रमाची हजारो पाने गेली असेच सर्वांनी धरले. मग ८ सप्टेंबर १९४५ रोजी सोल रेल्वे-स्थानकाच्या मालकोठारात ती पाने सापडली! १९४७ साली ऑक्टोबरच्या ९ तारखेला, लिपीच्या वाढदिवशी, पहिला खंड निघाला. मध्यंतरी देश दुभंगला, युद्ध झाले. सहावा आणि शेवटचा खंड १९५७ साली बाहेर पडला.

दुभंगलेल्या देशाबरोबर कोशकारही दुभंगले. ई गुक-रो उत्तरेत राहिले, चोए ह्योन-बे दक्षिणेत. दोन्हीकडील शुद्धलेखनात पुढे फरक पडले. पण दोहोंचा पाया १९३३ ची ती नियमावलीच आहे. सीमेवर काटेरी तार आहे. फुलाच्या शब्दाचा शेवट मात्र अलीकडे आणि पलीकडे 'छ'नेच होतो.

ही हकीकत कळल्यावर आमच्या वर्गातील चुका काही थांबल्या नाहीत. परवाच्या चाचणीत माझे चार शब्द चुकले. परंतु तांबड्या शाईने सुधारलेले ते शब्द पुन्हा लिहिताना पूर्वीचा वैताग मनात नव्हता. शुद्धलेखनाचा नियम ही पंडितांची लहर आहे असे आपण सहज म्हणून जातो. आपल्या वहीतील एकेका अक्षरासाठी कोणी तुरुंगात गेले होते, हे माहीत असले म्हणजे ते अक्षर जरा सावकाश, नीट वळवून काढावेसे वाटते.