कोनफळाची भजी आणि देशीपणाचा प्रश्न

नैर्ऋत्य नायजेरियातील योरुबा समाजात ‘ओजोजो’ नावाचा एक तळलेला पदार्थ घरोघरी केला जातो. त्याची कृती सोपी आहे. योरुबा भाषेत ज्याला ‘एवुरा’ म्हणतात तो कंद सोलून बारीक किसावयाचा, त्यात चिरलेला कांदा, वाटलेली मिरची व मीठ घालून चांगले फेटावयाचे आणि तापलेल्या तेलात लहान लहान गोळे सोडावयाचे. पिठाची आवश्यकता नसते. किसाच्या अंगचा चिकटपणाच मिश्रण धरून ठेवतो. हे वाचताना आपल्याला भज्यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु साम्य केवळ कढईपुरते नाही. एवुरा म्हणजे वनस्पतिशास्त्रातील ‘डायोस्कोरिया अलाटा’, अर्थात आपले कोनफळ. ओजोजो मराठी घरात करावयाचे झाल्यास दुसरा जिन्नस शोधावा लागत नाही. हाताला खाज सुटू नये म्हणून किसण्यापूर्वी तेल लावावे, एवढेच.

आता या पदार्थाची वंशावळ पाहू. कोनफळ मूळचे आफ्रिकेचे नव्हे, आशियाचे. पश्चिम आफ्रिकेने स्वतः लागवडीखाली आणलेला कंद वेगळा, पांढऱ्या गराचा. कोनफळ तेथे बाहेरून आले आणि मिरची तर अमेरिकेतून. म्हणजे ज्याला आपण निःशंकपणे ‘पारंपरिक योरुबा’ म्हणतो, त्या पदार्थाचे दोन प्रमुख घटक परदेशी आहेत.

हाच हिशेब आपल्या घरी मांडला तर काय दिसते? आमच्या मुरुमशेजारच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने 1129च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात उडदाच्या वड्यांचे वर्णन आहे. तळण्याची आपली परंपरा निदान एवढी जुनी आहे, यात शंका नाही. परंतु त्या पाकशाळेत तिखटपणासाठी मिरे होते, मिरची नव्हती. ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. पुढे बटाटा आला आणि ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आला. संस्कृतातील ‘आलु’ हा शब्द जुन्या कंदांचा. हिंदीने तो नव्या पाहुण्याला दिला, मराठीने पाहुण्याचे नावच ठेवून घेतले.

याहून विचार करावयास लावणारी गोष्ट ज्वारीची. मराठवाड्याची भाकरी जिच्यावर उभी आहे ती ज्वारी पूर्व सुदानच्या परिसरात पाच हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी लागवडीखाली आली. चवळीही आफ्रिकेचीच. योरुबा लोक चवळी भिजवून, साले काढून, वाटून ‘अकारा’ नावाचे वडे तळतात. गुलाम म्हणून ब्राझीलला नेलेल्यांनी तो पदार्थ तेथे जिवंत ठेवला आणि आज तो ‘अकाराजे’ म्हणून ओळखला जातो. तेव्हा देवघेव दुहेरी आहे. आशियाने आफ्रिकेला कोनफळ दिले. आफ्रिकेने आपल्याला रोजचे अन्न दिले.

साहित्याच्या अभ्यासकांनी याकडे का पाहावे? भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादानंतर आपल्या वर्गांतून ‘देशी’ हा शब्द पुष्कळ वापरला गेला, आणि वापरता वापरता अनेकदा त्याचा अर्थ ‘मूळचे’ एवढाच उरला. त्या अर्थाने पाहिले तर ज्वारी परकी ठरेल आणि ओव्यांतून, म्हणींतून भाकरीभोवती जमलेले सारे मराठी जगही उसने ठरेल. हा निष्कर्ष कोणीही मान्य करणार नाही. उपवासाला बटाटा, रताळे आणि साबुदाणा चालतो, कारण समाजाने या अमेरिकी पिकांना आपल्या आचारात जागा दिली. त्यांची जन्मभूमी कोणी विचारली नाही.

म्हणून देशीपण उगमावरून नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरावरून ठरवावे, असे आम्हांस वाटते. कादंबरी, सुनीत, गझल यांच्याविषयी बोलतानाही हा निकष उपयोगी पडेल. ओजोजो योरुबांचेच आहे, कारण त्यांच्या हातांनी आणि त्यांच्या भाषेने त्याला घडविले. आपल्या भाकरीचा अधिकारही याच स्वरूपाचा आहे, आणि तो पुरेसा आहे.