खेळ रचणारे सुरुवात कोठून करतात?

नागपूरच्या गांधीबागेतील कापड बाजारात एखाद्या विणलेल्या लुगड्याचा काठ भिंगातून पाहिला, तर दोनच गोष्टी दिसतात. काही ठिकाणी उभा धागा वर असतो, काही ठिकाणी आडवा. कोयरी असो की फूल, विणकराला ते आधी चौकटींमध्ये मोडावे लागते. १८०४ साली जाकार या फ्रेंच कारागिराने पुठ्ठ्यावर भोके पाडून मागाला नक्षी 'सांगण्याची' युक्ती काढली. पुढे अशाच भोकांच्या कार्डांवरून संगणकांना आज्ञा दिल्या गेल्या. व्हिडिओ गेमच्या पडद्यावरचे चित्रही मुळात चौकटींचेच!

आज दहावी-बारावीतली काही मुले म्हणतात, "मला गेम डिझायनर व्हायचे आहे." पालक एकतर धास्तावतात, नाहीतर महागड्या अभ्यासक्रमाची फी भरायला निघतात. मग सल्ला विचारला जातो शिक्षकांना. तो देण्यापूर्वी या व्यवसायातली पहिली माणसे तेथे कशी पोहोचली ते पाहू या.

१९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम हे भौतिकशास्त्रज्ञ उपकरण विभागाचे प्रमुख होते. प्रयोगशाळा पाहायला येणारे लोक नुसते तक्ते पाहून कंटाळतात, हे त्यांच्या ध्यानात आले. जवळच्या अनुरूप संगणकाच्या माहितीपुस्तिकेत प्रक्षेप्याचा मार्ग काढण्याची कृती दिलेली होती. तिच्यावरून त्यांनी दोलनदर्शकाच्या छोट्या पडद्यावर टेनिसचा खेळ उभा केला. पाहुण्यांच्या रांगा लागल्या. आपण फळ्यावर शिकवतो तीच प्रक्षेप्य गती येथे खेळ झाली होती.

१९७२ साली अटारी या नव्या कंपनीत ॲलन अल्कॉर्न हा तरुण अभियंता रुजू झाला. हात बसावा म्हणून नोलन बुशनेल यांनी त्याला एक सोपा सराव दिला: एक चेंडू, दोन फळ्या आणि गुणफलक. अल्कॉर्नने त्यात स्वतःची भर घातली. चेंडू फळीच्या कोणत्या भागावर आदळतो, त्यावर त्याचा परतीचा कोन ठरू लागला. एवढ्या एका नियमाने खेळात कौशल्य आले. हाच 'पाँग'. पहिले यंत्र एका मद्यालयात ठेवले होते. काही दिवसांत ते बंद पडले, कारण नाण्यांची पेटी भरून वाहत होती!

जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली 'स्पेस इन्व्हेडर्स' रचला. पडद्यावर शत्रूंच्या पाच ओळी, प्रत्येकीत अकरा, म्हणजे पंचावन्न आकृत्या. इतक्या आकृत्या हलवताना संगणकाची दमछाक होई; त्या कमी होत गेल्या की उरलेल्या वेगाने धावत. ही यंत्राची मर्यादा, पण तिने उत्कंठा वाढते हे ओळखून निशिकादोंनी ती तशीच ठेवली. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजितनोव यांच्याजवळ तर चित्रे काढू न शकणारा संगणक होता. त्यांनी अक्षरचिन्हांनीच चौकोन रचले आणि 'टेट्रिस' जन्मला.

यांपैकी कोणाकडेही खेळ रचण्याची पदवी नव्हती. तेव्हा ती अस्तित्वातच नव्हती. मात्र प्रत्येकाकडे दुसऱ्या एखाद्या विषयाची पक्की बैठक होती, आणि प्रत्येकाने एक छोटा खेळ पूर्ण केला.

आता आपल्या जवळचे उदाहरण. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने पहाडी चित्रशैली, छायाबाहुल्या आणि पुराणकथा यांच्या आधारे 'राजी' हा खेळ रचायला घेतला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. काम मात्र थांबले नाही. २०२० साली खेळ बाजारात आला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळाले. येथे कामाला आले ते चित्रकला, कथा आणि स्थापत्य यांचे ज्ञान. पण हा व्यवसाय जोखमीचा आहे, हेही याच गोष्टीतून दिसते आणि ते मुलांपासून लपवू नये.

मग विद्यार्थ्याला काय सांगावे? फी भरण्यापूर्वी एक खेळ पुरा कर. त्यासाठी संगणकही लागत नाही. आलेख कागदावर आठ बाय आठ चौकटी आखून त्यांत एक प्राणी रंगवायला सांगा. भरलेली चौकट १, रिकामी ०. प्रत्येक ओळ म्हणजे एक द्विमान संख्या. आठ संख्या मित्राला सांगितल्या की त्याच्या कागदावर तोच प्राणी उमटला पाहिजे. चार चौकोन कडेला कड जोडून किती आकार होतात, हे शोधू द्या. उलटे करायची मुभा असेल तर पाच, नसेल तर सात. टेट्रिसमध्ये सातच का, हे मुलेच सांगतील. शेवटी वाघ-बकरीचा एकच नियम बदलून तो खेळ दुसऱ्या वर्गातील मुलांना खेळायला द्यावा आणि ती कोठे अडतात, कोठे कंटाळतात, याची नोंद करावी.

ती नोंद वाचून जो मुलगा किंवा मुलगी नियम पुन्हा दुरुस्त करायला बसेल, तिला किंवा त्याला या वाटेने जाऊ द्यायला हरकत नाही. नुसता खेळण्याचा नाद असलेला तोवर कंटाळलेला असेल!