अंगठ्यापासून कॅमेऱ्यापर्यंत

भिवंडीलगतच्या राहनाळच्या गोदामात काम करणारा तरुण आज मोबाइलसमोर पॅनकार्ड धरून बँकेत खाते उघडू शकतो. पूर्वी याच पट्ट्यातला यंत्रमाग कामगार गावी मनिऑर्डर धाडायचा. ही सेवा 1880 मधली. पोस्टमन दारात फॉर्म पुढे करी, लिहिता न येणाऱ्या आईचा अंगठा शाईत बुडवून ठसा घेई, साक्षीदाराची सही घेई आणि मगच नोटा मोजून देई. ओळख पटवणारा माणूस गावातलाच असे, हेच त्या पद्धतीचे खरे बळ.

शहरातल्या बँकेत परगावच्या माणसाला कोण ओळखणार? भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याकडे पत्त्याचा कागदच नसे.

या अडचणीवर उपाय म्हणून 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिले आधार क्रमांक दिले गेले. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी कंपन्यांच्या आधारवापराला चाप लावला. मग जानेवारी 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने व्हिडिओवरून ओळख पटवायला परवानगी दिली. समोर बँकेचा अधिकारी हवा, प्रश्नांचा क्रम बदलता हवा, ग्राहक भारतातच असल्याची नोंद हवी.

हा व्हिडिओ कॉल बँकेच्या स्वतःच्या यंत्रणेतूनच व्हावा लागतो. म्हणून अनोळखी लिंक उघडू नका, आणि फसवणूक झालीच तर ताबडतोब 1930 या सायबर मदत क्रमांकावर कळवा.