बेदावापत्र आणि वारसांचा हक्क

मराठी दफ्तरांतील वतनांच्या कज्जांचे कागद चाळणारास यजितपत्र, फारखती व बेदावापत्र हे शब्द वारंवार भेटतात. यजितपत्र वादांत हरलेल्या पक्षानें लिहून द्यावयाचें, आणि फारखती देणें फिटल्याबद्दल घ्यावयाची. बेदावापत्राचें कार्य निराळें आहे. फारसी ‘बे’ म्हणजे विना आणि ‘दावा’ म्हणजे हक्काची मागणी. अर्थात् या वस्तूवर आमचा हक्क नाहीं असें लिहून देणें, तो बेदावा. आज ज्यास हक्कसोडपत्र म्हणतात त्याचाच हा पूर्वज होय. प्रस्तुत लेखांत आम्हांस एकाच प्रश्नाचा विचार कर्तव्य आहे. बापानें दावा सोडला म्हणजे तो मुलाचाही सुटतो काय?

हा प्रश्न धर्मशास्त्रकारांनीं फार पूर्वींच ओळखला होता. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत व याज्ञवल्क्याच्या दायविभागांत असें सांगितलें आहे कीं, जो स्वतःच्या उद्योगानें समर्थ असून वडिलार्जित धनाची इच्छा करीत नाहीं, त्यास कांहीं किंचित् देऊन वेगळें करावें. जो मागतच नाहीं त्यास द्यावयाचें कशाला, अशी शंका येथें सहज येते. कल्याणीच्या विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत तिचें उत्तर दिलें आहे. पुढें त्याच्या पुत्रादिकांस दाय घेण्याची इच्छा होऊं नये म्हणून द्यावयाचें. दिलेली वस्तु निःसार असली तरी चालेल. मिताक्षरेच्या मतें वडिलोपार्जित धनांत मुलाचें स्वत्व जन्मतःच उत्पन्न होतें, आणि बापाच्या केवळ नकारानें तें नाहींसें होत नाहीं. वांटणी होऊन वांटा पोंचला, याची खूण मागें राहावी लागते.

याच प्रश्नाचा फार मोठा कस इ. स. १८१८ नंतर लागला. राज्य हें घरच्या शेताप्रमाणें वांटणीची वस्तु नव्हे हें खरें; तथापि त्या वर्षीं जून महिन्यांत असीरगडाच्या परिसरांत मालकमनें दुसऱ्या बाजीरावांपुढें ज्या अटी ठेवल्या, त्या एका दृष्टीनें बेदावाच होत्या. बाजीरावांनीं स्वतःकरितां व आपल्या उत्तराधिकाऱ्यांकरितां पुण्याच्या राज्यावरील सर्व हक्क सोडावा, उत्तर हिंदुस्थानांत जाऊन राहावें, आणि त्यांस व त्यांच्या कुटुंबास सालीना आठ लक्षांहून कमी नाहीं इतकी नेमणूक मिळावी, असा त्यांचा आशय होता. बाजीरावांनीं अटी पतकरल्या व ते कानपुराजवळ बिठुरास जाऊन राहिले.

इ. स. १८५१ मध्यें ते वारले. दत्तक पुत्र नानासाहेब यांनीं नेमणूक पुढें चालविण्याची मागणी केली. ही नेमणूक सोडलेल्या राज्याचा मोबदला असून ती कुटुंबासही बांधलेली आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोंख होता. गव्हर्नर जनरल डलहौसी यांनीं ती मागणी अमान्य केली. तेहतीस वर्षें बाजीरावांस ही रक्कम पोंचली, म्हणजे ती अडीच कोटि रुपयांच्या वर गेली, आणि ती वंशपरंपरेची नव्हती, असें सरकारचें उत्तर होतें. कंपनीच्या डायरेक्टरांनींही तोच निर्णय कायम केला.

नेमणुकीच्या कलमांत वंशपरंपरेचा स्पष्ट शब्द नव्हता, हें सरकारपक्षाचें बळ आम्ही नाकारीत नाहीं. परंतु हक्क सोडण्याच्या कलमांत उत्तराधिकारी धरावयाचे आणि मोबदल्याच्या कलमांत ते वगळावयाचे, यांत न्यायाचा तोल राहत नाहीं. मिताक्षराकारांनीं किंचित् देण्यास सांगितलें तें मुलांकडे पाहून. येथें मुलाचा हक्क तर घेतला, पण देणें बापापाशींच संपविलें. इ. स. १८५७ मध्यें नानासाहेबांनीं पेशवेपद धारण केलें, तेव्हां बापाचा तो बेदावा पुत्रानें अमान्य केला असेंच म्हटलें पाहिजे.

आजचा कायदाही या विचारापासून फार दूर नाहीं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या सहाव्या कलमान्वये वारसा मिळण्याची केवळ आशा हस्तांतरित करतां येत नाहीं; म्हणून बाप हयात असतां त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीवरील भावी हक्क नुसता सोडून देणें निष्फळ ठरतें. मात्र मोबदला घेऊन तसें लिहून देणारास पुढें उलटतां येत नाहीं, हें तत्त्व सर्वोच्च न्यायालयानें १९७३ मध्यें मान्य केलें. शंभर रुपये वा अधिक किंमतीच्या स्थावरावरील हक्क लेखानें सोडावयाचा तर १९०८ च्या कायद्यानें तो लेख नोंदविणें अवश्य आहे. २००५ च्या दुरुस्तीनें हिंदु एकत्र कुटुंबांतील मुलीस मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि भावाच्या नांवें बहिणीनें करून द्यावयाच्या हक्कसोडपत्रास नवें महत्त्व आलें. माहेर तुटूं नये म्हणून साडीचोळीवर सही करणारी बहीण त्या जुन्या ‘किंचित्’चीच आठवण करून देते.

म्हणून संशोधकांनीं जुनें बेदावापत्र हातीं आल्यास तें कोणी लिहिलें एवढ्यावर थांबूं नये. तें कोणाकोणाच्या वतीनें लिहिलें आणि त्याबद्दल काय पदरांत पडलें, हेंही तपासावें. ज्यांनीं सही केली नाहीं त्यांचा हक्क कोणी व कशाच्या बदल्यांत सोडला, हें त्यावांचून कळणें नाहीं.